अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा क्लेम नाकारला, आता पुढे काय करायचं?

२०२५ च्या जानेवारीत आमच्या नानांना पक्षाघाताचा झटका आला. चोपडा तालुक्यात तापीकाठी आमचं गाव. तिथून रात्री जळगावला पोहोचायला सव्वा तास लागला. पहिल्या हॉस्पिटलात अकरा दिवस, तिथून हलवून दुसऱ्या हॉस्पिटलात चोवीस दिवस. पहिल्याचं बिल कॅशलेस झालं. दुसऱ्याचं १ लाख ९२ हजार ४०० रुपयांचं बिल आम्ही स्वतः भरलं, त्यात भावाने केळीचे नुकतेच आलेले पैसे घातले, आणि मग क्लेम टाकला. एप्रिलमध्ये विमा कंपनीचं चार ओळींचं पत्र आलं. रुग्ण उपचारासाठी भरती नव्हता, फक्त देखभालीसाठी होता. शिवाय पॉलिसी घेताना ब्लड प्रेशरचा आजार लपवला होता. सबब क्लेम नामंजूर.

नानांच्या नाकात नळी होती, गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट केली होती, आणि कमरेखाली बेडसोरची जखम एवढी खोल होती की ड्रेसिंग बघायला माय खोलीत थांबत नसे. ते पत्र वाचून मी अर्धा तास नुसती बसून होते.

नोव्हेंबरमध्ये त्या बिलातले १ लाख ७८ हजार रुपये खात्यावर आले. मी अमळनेरला शाळेत शिकवते, कायद्याचं शिक्षण नाही, ओळखीचं कुणी नव्हतं. मधल्या सात महिन्यांत धडपडत जे समजलं ते क्रमाने लिहिते आहे. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असताना कागदांसाठी वणवण करणं फार जड जातं, ती वणवण तरी तुमची वाचावी.

१. तुमच्याकडे नेमका कशाचा विमा आहे ते आधी बघा

अमेरिकेत 'लाँग टर्म केअर' नावाचा स्वतंत्र विमा असतो. अंघोळ, कपडे घालणं, जेवणं, शौचाला जाणं, लघवी-शौचावर ताबा आणि पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, या रोजच्या सहा कामांपैकी साधारणपणे दोन जमेनाशी झाली की त्या विम्यातून मदत सुरू होते. आपल्याकडे असा विमा जवळजवळ कुणाकडेच नसतो. असते ती मेडिक्लेम. म्हातारपणाच्या लांबलेल्या दुखण्यात तिच्यातून जे काही मिळतं ते तीन-चार दारांनी मिळतं: हॉस्पिटलात भरती असतानाचा खर्च, भरतीच्या आधीचा आणि नंतरचा खर्च, घरीच हॉस्पिटलसारखा उपचार घेतला तर त्याचा खर्च, आणि गंभीर आजाराचं वेगळं कव्हर घेतलं असेल तर त्याची एकरकमी रक्कम.

सुटीनंतरची फिजिओथेरपी, औषधं, तपासण्या यांची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते. आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच असलेल्या पॉलिसीत भरतीआधीचे ३० आणि सुटीनंतरचे ६० दिवस धरतात. पुष्कळ घरांत हे साठ दिवस मागायचंच राहून जातं.

आता एक कटू गोष्ट. बहुतेक मेडिक्लेममध्ये 'एक्सक्लुजन कोड ०५' नावाचं एक कलम असतं. रेस्ट क्युअर (नुसती विश्रांती), रिहॅबिलिटेशन (पुनर्वसन) आणि रेस्पाइट केअर (घरच्यांना विसावा म्हणून तात्पुरती देखभाल) असं त्याचं नाव. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, हिंडवणं-फिरवणं अशा वैयक्तिक सेवेचा खर्च, तो घरी होवो की हॉस्पिटलात, नर्सने करो की आयाने, या कलमामुळे मिळत नाही. म्हणजे घरी ठेवलेल्या आयाचा पगार मेडिक्लेममधून मिळण्याची आशा धरू नका. पण हेच कलम ओढूनताणून खऱ्या उपचारावर लावलं जातं, आणि तिथे लढायला पुरेपूर जागा आहे. आमची निम्मी लढाई याच जागेवर झाली.

२. नकार लेखी घ्या

"मॅडम, तुमचा क्लेम बसत नाही" असं फोनवर सांगतात आणि माणूस तिथेच खचतो. फोनवरच्या नकाराला काडीची किंमत देऊ नका. मेलवर पत्र मागा. विमा नियामक म्हणजे आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीच्या समितीने तपासल्याशिवाय आरोग्य विम्याचा क्लेम नाकारता येत नाही, आणि नाकारताना पॉलिसीचं नेमकं कोणतं कलम लावलं ते सांगावं लागतं. पत्रात कलम नसेल तर पहिला मेल तेवढाच लिहा: कोणत्या कलमाखाली, कोणत्या कागदाच्या आधारावर आणि समितीने कोणत्या तारखेला हा निर्णय घेतला ते कळवावे.

पत्र हाती आलं की पेन घेऊन बसा आणि प्रत्येक कारणाला आकडा द्या. आमच्या पत्रात दोन कारणं होती. तुमच्या पत्रात बहुधा पुढच्यांपैकी एखादं असेल.

कागद न दिल्यामुळे फाइल 'क्लोज' केली. हा खरा नकार नसतो. राहिलेला कागद देऊन फाइल पुन्हा उघडायला सांगा. कागद द्यायला उशीर झाला म्हणूनच नाकारलं असेल तर उशिराचं कारण लिहून द्या. टाळता न येणाऱ्या उशिरासाठी खरा क्लेम नाकारू नये असं नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना कळवलं आहे.

हॉस्पिटल व्याख्येत बसत नाही. आपल्याकडे हे कारण बरंच दिसतं, कारण तालुक्याच्या गावची हॉस्पिटलं लहान. व्याख्या अशी आहे की दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा आणि त्याहून मोठ्या शहरात १५ खाटा हव्यात. सोबत चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, रोजच्या नोंदी. जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, अमळनेर ही सगळी गावं दहा लाखांच्या आतली. म्हणजे आपल्याकडे १० खाटा पुरतात. कुणी १५ चा नियम लावला असेल तर हॉस्पिटलच्या नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडा, त्यावर खाटांची संख्या असते.

घरचा उपचार मान्य नाही. घरच्या उपचाराचं कव्हर दोनच परिस्थितींत लागू होतं: रुग्णाला हलवण्यासारखी अवस्था नव्हती, किंवा हॉस्पिटलात जागा नव्हती. यातलं जे खरं असेल ते डॉक्टरांनी त्या वेळी कागदावर लिहिलेलं हवं. 'नातेवाइकांच्या इच्छेवरून घरी' असं डिस्चार्ज कार्डावर लिहिलं गेलं तर हे दार बंद झालंच म्हणून समजा. सुटीच्या वेळी ती ओळ डोळ्यांत तेल घालून वाचा.

गंभीर आजाराच्या व्याख्येत बसत नाही. पक्षाघाताच्या बाबतीत कायमची मज्जातंतूंची हानी किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा लागतो. लोक पंधरा दिवसांत फॉर्म भरतात आणि नकार घेऊन बसतात. तीन महिने पूर्ण झाल्यावर न्यूरॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घ्या, हातापायांत किती ताकद उरली आहे ते लिहून घ्या आणि सीटी किंवा एमआरआयचा रिपोर्ट जोडून परत दाद मागा.

३. कागद जमवा

एका गठ्ठ्यात सगळं ठेवू नका. पिशवीभर कागदांत पाहिजे तो कागद सुनावणीच्या वेळी सापडत नाही. मी शाळेतल्या दोन बॉक्स फाइली घेतल्या, एकीत मूळ कागद, दुसरीत झेरॉक्स, आणि मूळ कागद कुणाच्याही हाती दिला नाही.

लागणारे कागद असे:

- पूर्ण पॉलिसी, सगळ्या अटींसकट. नुसतं पहिलं पान नव्हे.
- प्रपोजल फॉर्मची प्रत. पॉलिसी घेताना नेमके कोणते प्रश्न विचारले होते ते यातच कळतं.
- पहिल्या वर्षापासूनच्या हप्त्यांच्या पावत्या.
- नकाराचं पत्र आणि कंपनीशी झालेले सगळे मेल.
- संपूर्ण इनडोअर केस पेपर: डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, औषधांचा चार्ट, ऑपरेशन नोट.
- डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पावत्या, तपासण्यांचे रिपोर्ट.
- गावच्या डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या आणि मेडिकलची बिलं.

यातले इनडोअर केस पेपर मिळवताना दमछाक होते. "ते तुम्हाला देत नाहीत, कंपनीला देतो" असं आम्हाला काउंटरवर सांगितलं. ते खरं नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यास ७२ तासांत नोंदी द्याव्यात असं आहे. तोंडी मागू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. मी अर्जात हा नियम लिहिला आणि तिसऱ्या दिवशी १४६ पानं मिळाली, झेरॉक्सचे पैसे भरून.

४. केस पेपरवरची एक ओळ

रात्री तीन वाजता कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी माझ्या भावाला विचारलं, "बीपी किती वर्षांपासून आहे?" भाऊ नानांचं अंग धरून उभा होता. म्हणाला, "असेल दहा-बारा वर्षं." डॉक्टरांनी लिहिलं: हायपरटेन्शन, दहा ते बारा वर्षं. आमची पॉलिसी जून २०१८ ची. कंपनीने सरळ वजाबाकी केली आणि ठरवलं की पॉलिसी घेतली तेव्हाच आजार होता आणि आम्ही तो लपवला.

खरं तर नानांना बीपीची पहिली गोळी २०२१ मध्ये लागली. त्याआधी चक्कर येते, उन्हाने होतं, एवढंच घरात बोललं जायचं. भावाच्या डोक्यात ती चक्कर आणि बीपी एकच झालेलं.

म्हणून घाईत विचारलेल्या प्रश्नाला अंदाजाने वर्षं सांगू नका. माहीत नसेल तर "नक्की माहीत नाही, चिठ्ठ्या बघून सांगतो" म्हणा. शेजारी, जावई, ड्रायव्हर, जो कुणी सोबत जाईल त्यालाही हे सांगून ठेवा. आणि दुसऱ्या दिवशी डोकं ताळ्यावर आलं की भरतीच्या पानावर काय लिहिलंय ते मागून वाचा. चूक असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून नवी नोंद करून घ्या. जुन्या नोंदीवर खाडाखोड करू देऊ नका. खाडाखोड दिसली की कंपनी आख्ख्या फाइलीवर संशय घेते.

आमच्यासारखं उशिरा लक्षात आलं तर चार गोष्टी करता येतात, आम्ही चारही केल्या.

पहिली, चोपड्याच्या आमच्या डॉक्टरांकडून २०२१ च्या पहिल्या चिठ्ठीची खात्री करणारं पत्र घेतलं. चिठ्ठी मायने गोधडीखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली होती, सातबाऱ्यासोबत. मी ती पेटी उपसायला लागले तेव्हा माय म्हणाली, "त्या कागदस्नं काय करशी व?" त्याच कागदाने पुढे आम्हाला तारलं.

दुसरी, भरती करून घेणाऱ्या डॉक्टरांना भेटून त्यांच्या लेटरहेडवर लिहून घेतलं की ती वर्षं नातेवाइकांनी अंदाजाने सांगितली होती, कोणत्याही जुन्या कागदावरून घेतलेली नव्हती.

तिसरी, २०१८ मध्ये पॉलिसी देताना कंपनीनेच करवलेल्या तपासणीचा रिपोर्ट मागवला. त्यात बीपी नॉर्मल होतं. तुमच्या आईवडिलांची पॉलिसी साठीनंतर काढलेली असेल तर बहुधा अशी तपासणी झालेली असते. तो रिपोर्ट विसरू नका.

चौथी सगळ्यांत भारी. आरोग्य विम्याची पॉलिसी सलग ६० महिने चालली की त्यानंतर माहिती लपवल्याच्या किंवा चुकीची दिल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. याला मोरेटोरियम म्हणतात. पूर्वी हा काळ ८ वर्षांचा होता, २०२४ मध्ये ५ वर्षांचा केला. आमची पॉलिसी साडेसहा वर्षं न खंडता चालू होती. कंपनी बदलून पॉलिसी पोर्ट केली असेल तर आधीच्या कंपनीकडची वर्षंही धरतात. मात्र मध्ये विम्याची रक्कम वाढवली असेल तर वाढीव रकमेचे ६० महिने वाढवल्या दिवसापासून मोजतात, हे लक्षात ठेवा.

पॉलिसी पाच वर्षांच्या आतली असेल तर प्रपोजल फॉर्म नीट वाचा. जो प्रश्न विचारलाच नाही त्याचं उत्तर लपवलं असं होत नाही. आणि आजार लपवल्याचं कंपनी म्हणत असेल तर ते तिने पुराव्याने दाखवायचं असतं.

५. उपचार कुठला आणि सेवा कुठली, हे तुम्हीच वेगळं करून दाखवा

कंपनीने आमच्याविरुद्ध बोट ठेवलं होतं ते नर्सिंग चार्टवरच्या एका वाक्यावर: 'पेशंट स्टेबल, जनरल नर्सिंग केअर कंटिन्यू.' हे वाक्य चोवीसपैकी नऊ दिवसांच्या नोंदीत होतं. पाळी बदलताना नर्स सवयीने लिहिते. तिची चूक म्हणवत नाही, दहा पेशंट असतात तिच्याकडे.

पण त्याच पानावर वर काय लिहिलं होतं बघा. दुपारी दोनला गळ्याच्या नळीतून सक्शन, म्हणजे कफ ओढून काढणं. चारला पुन्हा सक्शन, घट्ट पिवळा कफ. साडेपाचला नळीतून २०० मिली फीड. सहाला अँटिबायोटिक शिरेतून. साडेसहाला कूस बदलली. यातलं कूस बदलणं सेवेत गेलं असतं तरी बाकीचं काय?

मी चोवीस दिवसांचा तक्ता केला. मार्किंगचे रकाने आखतो तशी मोठ्या कागदावर उभी-आडवी घरं पाडली. तारीख, डॉक्टर किती वेळा आले, शिरेतून कोणती औषधं दिली, कोणती प्रक्रिया झाली, आणि केस पेपरचा पान क्रमांक. सहाव्या दिवशी बेडसोरचा सडलेला भाग कापून काढला, ऑपरेशन नोट पान ५२. नवव्या दिवशी छातीत न्यूमोनिया, एक्स-रे पान ६७. चौदाव्या दिवशी पू तपासणीचा रिपोर्ट, औषध बदललं, पान ८९. तक्ता पूर्ण झाला तेव्हा एकही दिवस रिकामा नव्हता. त्यासाठी दोन रविवार गेले. सगळ्या फाइलीत माझ्या मते हाच कागद सर्वांत मोलाचा होता, आणि तो कुणी डॉक्टर किंवा वकील तुम्हाला करून देणार नाही.

तक्ता घेऊन मी डॉक्टरांकडे गेले आणि प्रमाणपत्र मागितलं. 'रुग्णाला भरतीची गरज होती' एवढं मोघम लिहून घेऊ नका. आमच्या प्रमाणपत्रात हे मुद्दे होते: भरतीच्या दिवशी रुग्णाची अवस्था काय होती, कोणते उपचार प्रशिक्षित नर्स आणि चोवीस तास डॉक्टर यांच्याशिवाय शक्य नव्हते, ते घरी केले असते तर जिवाला काय धोका होता, आणि सुटी नेमकी कोणत्या निकषावर दिली. शेवटी स्पष्ट वाक्य, की ही भरती सक्तीच्या विश्रांतीसाठी किंवा वैयक्तिक देखभालीसाठी नव्हती. कलमातले शब्द घेऊनच नाकारलंय, तर उत्तरही त्याच शब्दांना धरून यायला हवं.

बिलातही हीच फारकत करा. आमच्या बिलात आयाचे रोजचे ६०० प्रमाणे १४ हजार ४०० रुपये होते. ते मागणीतून मी स्वतःच वगळले. घरात यावरून वाद झाला, भाऊ म्हणाला मागून तर बघू. पण जे कलमात बसत नाही ते सोडून दिलं की बाकीच्या मागणीवर विश्वास बसतो, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

६. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा

क्लेम विभागाशी वाद घालत बसू नका. प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी असतो, त्याचा मेल आणि पत्ता पॉलिसीच्या शेवटच्या पानांत असतो. पत्र मेलने पाठवा आणि तेच स्पीड पोस्टनेही पाठवा. स्पीड पोस्टची पावती फाइलीला टाचा. इथपासून तारखा महत्त्वाच्या होतात.

पत्र दोन पानांपेक्षा मोठं नको. किती त्रास झाला हे मनात साठलेलं असतं, पण त्याला पत्रात दोन ओळींपेक्षा जागा देऊ नका. आमच्या पत्राचा सांगाडा असा होता:

"पॉलिसी क्रमांक अमुक, क्लेम क्रमांक तमुक. आपल्या दिनांक अमुकच्या पत्राने क्लेम दोन कारणांवरून नाकारला आहे. कारण पहिले: एक्सक्लुजन कोड ०५. उत्तर: सोबतचा चोवीस दिवसांचा तक्ता आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र पाहावे. कारण दुसरे: आजार लपवणे. उत्तर: पॉलिसी सलग ६० महिन्यांपेक्षा जास्त काळ चालू असून, आजार २०२१ मध्ये प्रथम आढळला, पुरावे सोबत. मागणी: १ लाख ७८ हजार रुपये आणि विलंबाचे नियमानुसार व्याज. उत्तर एका महिन्यात न आल्यास विमा लोकपालांकडे दाद मागू."

विमा लोकपाल म्हणजे विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी, त्यांच्याबद्दल पुढे येतंच. व्याज मागायला विसरू नका. उशिरा दिलेल्या क्लेमवर बँक दरापेक्षा २ टक्के जास्त व्याज देण्याचा नियम आहे.

या टप्प्यावर कंपनी कधी कधी अर्धी रक्कम देऊ करते आणि 'फुल अँड फायनल' असं लिहिलेल्या कागदावर सही मागते. पैशांची निकड असते, हात सहीकडे जातो. थांबा. उरलेल्या रकमेसाठी लढायचं असेल तर तशी सही करू नका, आणि घेतलेच पैसे तर 'उर्वरित रकमेचा हक्क राखून' असं सहीशेजारी लिहा.

७. बीमा भरोसा

हे नियामकाचं तक्रार पोर्टल. १५५२५५ या टोल फ्री क्रमांकावर फोन करूनही तक्रार नोंदता येते. इथे नियामक स्वतः निवाडा करत नाही, तक्रार कंपनीकडे जाते आणि तिच्या उत्तरावर नजर राहते. आमच्या बाबतीत कंपनीने तेच जुनं उत्तर परत दिलं. तरी नोंदवा, तक्रारीचा क्रमांक मिळतो. पण इथल्या उत्तराची वाट बघत लोकपालांकडे जायचं लांबवू नका, त्यासाठी ही पायरी सक्तीची नाही.

८. विमा लोकपाल, पुणे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाकडे येतात. आमच्या भागात हे नावच फार जणांना माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं, कारण सामान्य माणसासाठी यापेक्षा सोपं दार मला दिसलं नाही. फी नाही. वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. म्हणून "मी लोकपालांकडून काढून देतो, वीस टक्के द्या" म्हणणाऱ्या एजंटांपासून दूर राहा.

कधी जाता येतं? कंपनीला लेखी तक्रार केली आणि तिने ती फेटाळली, किंवा उत्तर पटलं नाही, किंवा एक महिना उलटून उत्तरच आलं नाही, तर. तिथून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. हीच तक्रार ग्राहक आयोगात किंवा कोर्टात चालू असेल तर लोकपाल ती घेत नाहीत. म्हणून आधी लोकपाल, मग ग्राहक आयोग, हा क्रम उलटा करू नका.

तक्रार पॉलिसीधारकाने स्वतः करायची असते. वारसाला किंवा नॉमिनीलाही करता येते. आमच्याकडे प्रपोजर, म्हणजे पॉलिसी घेणारी, मी होते, हप्ते माझ्या खात्यातून जायचे, म्हणून माझ्या सहीने काम झालं. पॉलिसी अंथरुणावरच्या रुग्णाच्याच नावावर असेल तर सही, अंगठा कसा चालेल ते लोकपाल कार्यालयाला आधीच विचारून घ्या, शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

मी तक्रार जूनमध्ये ऑनलाइन नोंदवली. पोस्टानेही पाठवता येते. नंतर त्यांच्याकडून एक फॉर्म आला, त्यात दावा किती, कंपनीला कधी लिहिलं, इतर कुठे प्रकरण चालू नाही ना, हे सगळं भरून सही करून पाठवायचं होतं. हा फॉर्म परत पाठवायला विसरलात तर फाइल तिथेच पडून राहते. तुमच्याकडचे कागद पूर्ण झाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा देण्याचा नियम आहे.

दोन्ही बाजूंची तयारी असेल तर लोकपाल मध्यस्थीही करतात. त्यात सुचवलेली रक्कम तुम्ही पूर्ण समाधान म्हणून लेखी मान्य केली की प्रकरण संपतं. रक्कम बघूनच हो म्हणा.

सुनावणी सप्टेंबरमध्ये व्हिडिओवरून झाली, पुण्याला जावं लागलं नाही. आदल्या दिवशी मी शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत बसून आवाज तपासून घेतला, कारण गावात नेटचा भरवसा नाही. आमची वेळ जेमतेम वीस मिनिटं चालली. कंपनीच्या डॉक्टरांनी 'पेशंट स्टेबल' हे वाक्य वाचून दाखवलं. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, त्याच पानावरच्या वरच्या पाच नोंदी वाचाव्यात, पान ७१. त्या वाचल्या गेल्या. मग ऑपरेशन नोट विचारली, पान ५२ सांगितलं. बीपीबद्दल पॉलिसीची तारीख आणि ६० महिने एवढंच बोलले. भाषण तयार करून नेलं होतं, ते काढावंच लागलं नाही. तुम्हीही पान क्रमांक पाठ करून जा.

निवाडा ऑक्टोबरमध्ये आला. १ लाख ७८ हजार मंजूर. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांत तिने पैसे द्यायचे असतात. त्याहून उशीर केला तर दिवसाला ५ हजार रुपये तक्रारदाराला देण्याचा नियम आहे. आमचे पैसे सव्विसाव्या दिवशी आले.

९. तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग

लोकपालांचा निवाडा पटला नाही तर तुमचे हात बांधलेले नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईला असो की चेन्नईला. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे जिल्हा आयोग आहेत. मुदत दोन वर्षांची. भरलेली किंमत म्हणजे इथे हप्ता, आणि ती ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मानसिक त्रासाची आणि खर्चाची भरपाई इथे मागता येते. वेळ मात्र जास्त लागतो. वकील सक्तीचा नाही, पण वैद्यकीय वादात एखादा अनुभवी वकील घेतलेला बरा. सुरुवातीची माहिती १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मिळते.

१०. वाद चालू असताना हप्ता थांबवू नका

क्लेम नाकारल्यावर रागाच्या भरात लोक हप्ता भरणं बंद करतात. आमच्याही घरात हेच बोलणं झालं, कारण नूतनीकरण नेमकं जूनमध्ये, लोकपालांकडे तक्रार गेली त्याच आठवड्यात आलं. पॉलिसी खंडली की साचलेले ६० महिने गेले, जुन्या आजारांची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून, आणि पक्षाघात झालेल्या माणसाला नवी पॉलिसी देणार कोण? आधी क्लेम केला होता एवढ्या कारणावरून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही. वर्षाचा हप्ता असेल तर मुदतीनंतरही ३० दिवसांची सवलत असते, पण मधल्या दिवसांतला आजार अडचणीत आणू शकतो, म्हणून तिच्यावर विसंबू नका.

रुग्ण ७० च्या पुढचे असतील तर आयुष्मान वय वंदना कार्डही काढून ठेवा. खासगी मेडिक्लेम असली तरी ते मिळतं आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचाराचं कव्हर असतं. नानांचं आधार कार्ड आणि मोबाइल जोडलेले नव्हते, त्यात आमचे दोन आठवडे गेले. आधी ती जोडणी करा, मग कार्डासाठी जा.